मास्तरांचा एक जून

रोह्याच्या मराठी शाळेचे हेडमास्तर माधवराव यांच्या रजिस्टरात अर्धं गाव एक जूनला जन्मलं होतं. पोराला शाळेत घालायला आलेल्या आईला जन्मतारीख विचारली, की "लावणी चालली व्हती बगा, मास्तर," एवढंच उत्तर यायचं. शाळा जूनात भरते, म्हणून मास्तर 'एक जून' टाकून मोकळे व्हायचे. पोर दांडगं दिसलं तर वर्ष वाढवायचं, किडकिडीत दिसलं तर कमी करायचं.

"अहो, सटवीसुद्धा पाचव्या रात्री येऊन नुसतं नशीब लिहून जाते," त्यांच्या पत्नी वत्सलाबाई म्हणायच्या. "तुम्ही तर सहाव्या वर्षी जन्मच लिहिता!"

एकोणपन्नासच्या जूनात शाळेच्या दारात गोपी उभी राहिली. फाळणीत सिंधमधलं शिकारपूर सुटलं, मग ही छावणी, ती छावणी असं करत तिची आई हरीबाई रोह्यात येऊन पापड लाटू लागली होती. गोपीला पंधरावं चालू होतं. मास्तरांनी तिला पाचवीत बसवलं आणि रजिस्टरात लिहिलं, एक जून १९३६. म्हणजे पूर्ण तेरा.

तीन वर्षांत गोपी सातवीची फायनल पास झाली आणि रोह्याच्या बायकांशी भांडण्याइतकी मराठी शिकली. शाळा सुटली, की कुणी न सांगता सरकारी दवाखान्यात जायची. देवी टोचायला कमळाकर कंपाउंडर निघाले, की त्यांची पेटी धरायची. त्यांना बघितलं, की पोरं भाताच्या उडव्यांमागे लपत. गोपी मात्र पोराला मांडीवर घेऊन असं काही सिंधी गाणं म्हणायची, की टोचून झाल्यावर पोर रडायचं विसरायचं. खांब गावची मैना तर कंपाउंडरना तोंडावर म्हणाली होती, "ती पोर आली तर टोचा, नाय तर तुमची सुई तुमच्यापाशी र्‍हाऊ द्या!"

आता शाळा संपली. पुढे काय? मास्तरांनी वर्तमानपत्रं चाळली. निर्वासितांसाठी शिवणवर्ग होता, टंकलेखन होतं, साक्षरता प्रसाराचं कामही होतं. गोपीने सगळं ऐकून घेतलं आणि एका कात्रणावर बोट ठेवलं. कल्याणच्या छावणीत निर्वासित मुलींसाठी परिचारिकांचा वर्ग निघणार होता. राहण्याजेवण्याची सोय होती, पण निर्वासितांसाठी वर्ग हा शेवटचाच. अट एक होती, एक जूनला सतरा वर्षं पूर्ण हवीत.

मास्तरांनी कौतुकाने रजिस्टर उघडलं आणि मटकन खाली बसले. त्यांच्याच वळणदार अक्षरात गोपी सोळा वर्षांची होती.

"बसा आता," वत्सलाबाई म्हणाल्या. "परकी पोर सापडली तुमच्या एक जूनात. हिची खरी तारीख काय?"

हरीबाईंना तारीख ठाऊक नव्हती. पण त्या म्हणाल्या, "थदडीला झाली. त्या दिवशी आमच्यात चूल नाही पेटत, थंडं खायचं. आणि क्वेट्ट्याला भूकंप झाला ना, तेव्हा ही माझ्या मांडीवर, नऊ महिन्यांची."

"म्हणजे गोकुळअष्टमीचा आदला दिवस की नाही?" वत्सलाबाईंनी विचारलं. हरीबाईंनी मान हलवताच त्यांनी माळ्यावरून जुनी पंचांगं काढली. भूकंपाच्या आदल्या वर्षीची श्रावण वद्य सप्तमी शोधून मास्तरांनी कपाळाला हात लावला. तारीख निघाली, एक सप्टेंबर १९३४! म्हणजे सतरा कधीच पूर्ण.

"पुन्हा एकच?" पेणच्या कचेरीत शाळाखात्याचे साहेब हैबतराव गरजले. "मास्तर, तुम्हाला दुसरा आकडा येत नाही काय?"

मास्तरांनी पंचांग पुढे सरकवलं. साहेबांनी ते उलटं-सुलटं पाहिलं. मग हरीबाईंनी भूकंपाची हकीकत सांगायला घेतली. शिकारपूरचं घर, गल्ली, क्वेट्ट्याहून दिवसरात्र गाड्या भरून येणारी जखमी माणसं. सांगता सांगता नऊ महिन्यांची गोपी जणू मांडीवरच असावी तसा त्यांनी पदर सावरला. साहेबांनी पंचांग मिटलं.

त्यांनी मायलेकींना बाहेर पाठवलं. "तारीख दुरुस्त करतो," ते हळू म्हणाले. "पण रजिस्टरात चूक कशी झाली, हे मला लिहावं लागेल. तुमची पेन्शन चार महिन्यांवर आलीय. सेवापुस्तक कोरं आहे तुमचं. निष्काळजीपणाचा शेरा पडेल."

मास्तरांनी चष्मा पुसला. बत्तीस वर्षांत त्या पुस्तकावर शाईचा डागही पडला नव्हता.

"लिहा, साहेब," ते म्हणाले. "पण दाखला आजच द्या. अर्जाची मुदत परवा संपतेय."

परतीच्या एस.टी.त हरीबाईंना वडखळच्या आधीच डुलकी लागली. दाखला गोपीच्या हातात होता. ती पुनःपुन्हा तोच आकडा वाचत होती.

"मास्तर, साहेब तुम्हाला रागावले?"

"मला? मला कोण रागावणार? मी हेडमास्तर आहे."

"मग माझं वय कमी का केलं होतं? मी तर लहान दिसत नव्हते. वर्गात सगळ्यांत उंच होते."

मास्तर तिच्यावरून वाकून खिडकीबाहेर बघू लागले.

"तू शिकारपूर सोडल्यापासून शाळेच्या दारात येईपर्यंत पावणेदोन वर्षं गेली होती, पोरी. ना घर, ना शाळा. मी ती तुझ्या वयातनं वजा केली. म्हटलं, जगायला परत मिळतील."

गोपीने दाखल्याची नीट घडी करून आईच्या पिशवीत ठेवली. मग उठून तिने आपली खिडकीजवळची जागा मास्तरांना दिली.