कोल्हापूरकरांचा ‘ॲभॉर’

छापखान्यात जन्म काढला की खोकला आणि किस्से, दोन्ही छातीत बसतात. खोकल्यावर वैद्य काढा तरी देतो. किश्शांवर औषध नाही. कुणीतरी नको तो शब्द उच्चारतो आणि सगळे एकदम उसळून बाहेर येतात.

परवा तसंच झालं. कचेरीत नव्यानं लागलेला एक पदवीधर बातमीदार डबा उघडून म्हणाला, "आय ॲभॉर दोडका!" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

मी म्हणालो, "दोडका नको असेल तर पानात ठेव. त्या शब्दाला हात लावू नकोस. तो शब्द जाहीर सभेत उच्चारायचा की नाही, एवढ्यावर आमच्या एका माणसाची नोकरी आणि त्याच्या धाकट्या भावाचं नशीब टांगलेलं मी पाहिलंय."

पोरगं दोडका खाऊ लागलं. माझी मात्र झोप उडाली. म्हणून आता लिहूनच टाकतो.

*

कोल्हापुरात महाराजांची कारकीर्द चालू होती. मंगळवार पेठेतून आमचं साप्ताहिक निघायचं. मालक आणि संपादक तात्यासाहेब. बड्या लोकांत खुर्ची मिळावी म्हणून त्यांनी अंकात एक पान इंग्रजी ठेवलं होतं. छपाईचे खिळे जुळवायला बाबालाल, बातम्या आणायला मी, आणि इंग्रजी पानावरून नजर फिरवायला शंकर मास्तर.

मास्तर नेसरीकडचे. घराण्यात पहिल्यांदा शाळेची पायरी चढलेला माणूस. महाराजांच्या कृपेनं बोर्डिंगात राहून शिकले आणि राज्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवू लागले. छापखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचे. सोबत म्हातारी आई आणि धाकटा भाऊ दत्तू. आईला अख्खी गल्ली आक्का म्हणायची. वडील लवकर गेले, त्यामुळं दत्तूला मास्तरांनीच लहानाचं मोठं केलेलं.

हा दत्तू लक्षात ठेवा.

*

‘ॲभॉर’ आमच्या गावात आला तो बॉम्बच्या मागोमाग. बॉम्ब फुटला लांब, कुठल्याशा दुसऱ्या मुलखात. पण आमच्याकडच्या एका बड्या अंमलदारानं ताबडतोब थिएटरात सभा बोलावली. प्रतिष्ठित मंडळी पुढं बसली. अंमलदारानं इंग्रजीत ठराव वाचला, की या गावचे नागरिक अशा राजद्रोही कृत्याला ‘ॲभॉर’ करतात. सगळे हात वर!

माझ्या शेजारी एक जाडजूड सराफ बसले होते. त्यांचा हात सगळ्यांत उंच.

मी विचारलं, "शेठ, ठराव कसला होता?"

"मला काय ठाऊक?"

"मग हात कशासाठी वर केला?"

"पुढच्यानं केला म्हणून!"

मी पुढच्याला विचारलं. त्यानं त्याच्या पुढच्याकडं बोट दाखवलं. अशानं मी व्यासपीठापर्यंत पोचलो असतो, पण तात्यासाहेबांनी डोळे वटारले.

*

त्या संध्याकाळी ठराव छापायला आला. बाबालालनं खिळे जुळवता जुळवता विचारलं, "मास्तर, ह्या शब्दाला आपल्यात काय म्हनायचं?"

मास्तरांना असं कुणी विचारलं की ते खुलायचे. म्हणाले, "एका शब्दात सांगणं अवघड आहे. तिरस्कार म्हण, पण साधा नव्हे. ‘हेट’ करणारा माणूस पुढं येतो, अंगावर धावतो. ‘ॲभॉर’ करणारा मागं सरतो. इतकी शिसारी येते की अंगावर काटा उभा राहतो. ज्याला तो शब्द वापरला ते नजरेसमोर नको, जवळ नको, त्याचा वारासुद्धा नको."

"म्हंजे अंगावर पाल पडल्यागत?"

"अगदी तसं."

बाबालालनं एक खिळा उचलून दिव्याजवळ धरला. "सभेला मी बी गेलतो की, मास्तर. एवढी मानसं हात वर करून बसलीती. एकाच्या तरी अंगावर काटा? मला न्हाय दिसला!"

*

पण शब्दाला बाजारभाव आला. कापडपेठेतल्या एका व्यापाऱ्याला दरबारात बसायचा मान हवा होता. तो मास्तरांकडं अर्ज लिहून घ्यायला आला.

"मास्तर, त्यो नवा शब्द घाला. सायबाला आवडतोय म्हणं."

"कशाबद्दल घालू? तुम्हाला शिसारी कशाची येते?"

व्यापारी विचारात पडला. मग म्हणाला, "असं लिवा, की सायेब ज्याला ज्याला ॲभॉर करत्यात, त्या सगळ्याला मी बी करतो. आन् खाली लिवा, की यादी पाठवून द्या. म्हंजे चुकून येखादं ऱ्हायला नको!"

मास्तरांनी ते अस्सल इंग्रजीत लिहून दिलं. आणि त्याला मान मिळाला!

*

पुढं पुढं दर काही दिवसांनी अशी सभा भरू लागली. कुठं काही घडलं की ठराव. वाक्य तेच, फक्त गावाचं नाव बदलायचं. बाबालालनं शेवटी ते वाक्य मोडून खिळे सुटे करणंच सोडून दिलं. खिळ्यांचा तो तुकडा सुतळीनं बांधून खिडकीत ठेवायचा. लागला की उचलायचा आणि पानात बसवायचा.

एकदा नवे गोरे साहेब गावात आले. त्यांच्या स्वागताची बातमी इंग्रजी पानावर घेतली. खाली थोडी जागा उरली. घाईत बाबालालच्या हाताखालच्या माणसानं जागेत बसेल असा बांधलेला तुकडा शोधला आणि टाकला ठोकून. अंक बाहेर! वर साहेबांचं आगमन, खाली लगेच: गावचे नागरिक या कृत्याला ॲभॉर करतात!

तात्यासाहेबांना घाम फुटला. पगडी चढवून ते बंगल्यावर धावले. परत आले ते पांढरेफटक पडून.

"काय झालं?" मी विचारलं.

"साहेबांनी शेकहँड केला. म्हणाले, तुमचा अंक आम्ही नेहमी आवडीनं वाचतो!"

आम्ही खूप हसलो. दत्तूही तिथंच होता. तो तेवढा हसला नाही. म्हणाला, "म्हणजे तुम्ही काय छापता ते वरचे वाचत नाहीत आणि खालच्यांना वाचता येत नाही. मग छापता कशाला?"

मास्तर त्याच्यावर खेकसले. बाबालालनं तुकडा पुन्हा सुतळीनं बांधून खिडकीत ठेवला.

*

पुढचा किस्सा सांगताना मला अजूनही संताप येतो.

बोर्डिंगात राहणारा एक अस्पृश्य विद्यार्थी एका सार्वजनिक हौदावर पाणी प्यायला. हौद सगळ्यांना खुले, असे महाराजांचे हुकूम स्पष्ट होते. पण हौदाशेजारच्या सभ्य गृहस्थांनी त्याला एवढं बडवलं, की त्याचा उजवा हात कायमचा वाकडा झाला. मी स्वतः जाऊन त्याला पाहिलं. पोराची परीक्षा तोंडावर होती आणि लिहायचा हात कामातून गेलेला.

मी इंग्रजी पानासाठी बातमी लिहिली. शेवटी लिहिलं, की आम्ही या कृत्याला ॲभॉर करतो. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मी मनापासून वापरला होता.

तात्यासाहेबांनी प्रूफ वाचलं आणि लाल शाईनं शब्द खोडला.

"हा इथं चालणार नाही."

"का नाही?"

"अहो, हा राजद्रोहासाठी राखीव आहे! दरोड्याला ‘कंडेम’ लावतो, प्लेगाला ‘डिप्लोअर’ लावतो. इथं ‘रिग्रेट’ घाला, नुसता खेद."

"एका पोराचा हात मोडला, तात्यासाहेब!"

"म्हणून तर ‘रिग्रेट’ म्हणतोय! नाहीतर बातमीच घेतली नसती. मारणारे आपले वर्गणीदार आहेत."

मी प्रूफ त्यांच्यासमोर फाडलं. त्यांनी शांतपणे दुसरं काढायला सांगितलं. छापून आलं ‘रिग्रेट’च.

*

आणि मग पाळी आली दत्तूची.

भिंतींवर सरकारविरुद्ध पत्रकं चिकटवताना तो सापडला. हात खळीनं माखलेले, त्यामुळं नाकारायला जागाच नव्हती. त्याला कोठडीत टाकलं. दुसऱ्या दिवशी त्या बड्या अंमलदारानं मास्तरांना बोलावून घेतलं. बाहेरच्या ओट्यावर मी थांबलो होतो. दार उघडंच होतं.

"राज्याच्या अन्नावर शिकलात ना?"

"होय, साहेब."

"आणि भाऊ हे धंदे करतो. रविवारी सभा आहे. ठराव तुम्ही मांडायचा. भावाच्या कृत्याला आणि भावालाही मी ॲभॉर करतो, असं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं. नाहीतर सोमवारी शाळेत जायची तसदी घेऊ नका."

मास्तरांनी विचारलं, "तसं म्हटलं तर दत्तूला काही सवलत..."

"त्याचं कोर्ट बघेल. तुम्ही तुमचं बघा."

मी तडक ओळखीच्या एका वकिलांकडं गेलो. ते म्हणाले, "मास्तरांना हात जोडून सांगा, बोलू नका. सख्खा भाऊच जाहीर सभेत असं म्हणाला, तर कोर्टाला आणखी साक्ष कशाला हवी? पोराची शिक्षा चांगली लांबणार."

मी ते जसंच्या तसं मास्तरांना सांगितलं. छापखान्यात ते खाली मान घालून बसले होते.

"नका बोलू!" मी म्हणालो. "नोकरी गेली तर गेली. मी आहे, बाबालाल आहे."

"किती दिवस पुराल?" मास्तर म्हणाले. "दत्तू आत गेलाच. मीही बाहेर पडलो तर आक्काला काय घालू? नेसरीला परत नेलं तर भावकी तिला उंबऱ्याला उभी करायची नाही. आणि शाळेत माझ्यामागून आमच्यातली चार पोरं शिकतायत. मी गेलो की म्हणतील, बघा, ह्यांना शिकवून हेच होतं."

मला त्यांचा राग आला. खरं सांगायचं तर त्यांचं प्रत्येक वाक्य पटत होतं म्हणून आला.

बाबालालनं हातातले खिळे खाली ठेवले. तो म्हणाला, "मास्तर, बोलायचंच आसंल तर इंग्लिशमधीच बोला. मराठी नगं. आक्का सभंला येनार हाय. मगाशी लुगडं वाळत घालताना मला सांगत हुती."

*

रविवारी थिएटर गच्च भरलं. बायकांसाठी एका बाजूला कामट्यांच्या चिकाचा पडदा सोडला होता, त्यामागं आक्का. पुढं सराफ, कापडवाला, तात्यासाहेब, सगळे. अंमलदार मधोमध.

मास्तर उभे राहिले. धुतलेला कोट, हातात कागद नाही. मला वाटलं, अडखळतील. पण त्या दिवशी मास्तर जे इंग्रजी बोलले, तसं मी पुढं कॉलेजातल्या गोऱ्या प्रोफेसरच्या तोंडूनही ऐकलं नाही. वाक्य न् वाक्य घोटलेलं. भावाचं नाव घेतलं, आपलं नातं सांगितलं, आणि मग तो शब्द. एकदा कृत्याला. एकदा भावाला. चेहरा कोरा, आवाज खणखणीत.

मी ताडकन उठायला लागलो. मला ओरडायचं होतं, की याला धमकावून बोलायला लावलंय! बाबालालनं माझं मनगट असं पकडलं, की हाडं कळवळली.

"खाली बसा, अण्णा. पडद्यामागं म्हातारी हाय. तिला कळंल."

मी बसलो.

अंमलदारानं आधी टाळी वाजवली. मग पुढच्या रांगेनं. मग मागच्यांनी. एवढा कडकडाट त्या थिएटरात कुठल्या नटालाही मिळाला नसेल. सराफ तर उभे राहून वाजवत होते.

बाहेर पडलो. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. तोंडावर पाणी मारलेलं, पण कोट पुढून ओला झाल्याचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. मी त्यांच्याजवळ गेलो. तेवढ्यात गर्दी सारत आक्का आली. डोईवरचा पदर सावरत माझ्याकडं वळली.

"दादा, तुमी पेपरवालं. तुमास्नी कळतंय सगळं. शंकर आमच्या दत्तूचं नाव घेत हुता न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय, आक्का."

"मला वळखू आलं की! दोनदा घेतलं." तिनं मास्तरांच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"एवढ्या मोठ्या सायेब लोकांनी टाळ्या वाजवल्या! आता सोडतील की त्याला. शंकऱ्या, हे आधीच का बोलला न्हाईस रं?"