सुहासदादाचं पॅकेज सापडेना

मंडळी, आज सकाळी आमचं वेब अ‍ॅप कुणाच्याच मशीनवर बिल्ड होईना, म्हणजे कोडपासून चालतं अ‍ॅप तयारच होईना. मॅनेजर म्हणाले, "अहो, चारला डेमो आहे. क्लायंटला एररच दाखवायचा का?"

माझ्या शेजारची खुर्ची महिनाभर रिकामी आहे. तिथं यवतमाळचा सुहासदादा बसायचा. हार्ट अटॅकनं गेला. मी गडबडलो की म्हणायचा, "अबे, एरर शेवटपर्यंत वाच ना."

म्हणून शेवटपर्यंत वाचला. पॅकेज सापडत नाही, आणि पुढे त्याचंच नाव.

पॅकेज म्हणजे आमचं अ‍ॅप वापरतं तो तयार कोड; तारखांचं ते छोटं पॅकेज त्यानं ऑफिसनं दिलेल्या स्वतःच्या अकाउंटवर ठेवलं होतं. ऑफिसनं काल ते अकाउंट बंद केलं. तेवढं मात्र आठवणीनं केलं. त्याच्या घरी जायला कुणाला वेळ झाला नाही. मलाही नाही.

माझ्या लॅपटॉपवर जुनी कॉपी होती. ती कंपनीच्या सामाईक अकाउंटवर टाकली, ऑथर म्हणून त्याचंच नाव ठेवलं. अकराला बिल्ड झालं.

सवयीनं "झालं, दादा" लिहायला ऑफिसचं चॅट उघडलं. त्याचं नाव शोधलं. सापडलं नाही.

तुमचं बिल्ड झालं, की तुम्ही सगळ्यात आधी कुणाला सांगता?