फोनमधला माग

झपाटलेल्या जागांवरचे लेख मी स्वतः लिहिलेत. ‘इथे आजही पैंजणांचा आवाज येतो’, ‘स्थानिक लोक अंधार पडल्यावर या वाटेने जात नाहीत’... असली वाक्यं तुम्ही एखाद्या वेबसाइटवर वाचली असतील तर त्यातली काही माझी असतील. त्या किल्ल्यांवर, त्या बंगल्यांत मी कधी गेले नाही आणि कुणा स्थानिकाशी बोललेही नाही. सोलापुरात घरी बसून, चार ठिकाणी वाचून पाचवा लेख तयार करायचे. त्यामुळे माझा असल्या गोष्टींवर विश्वास असण्याचा प्रश्नच नव्हता. त्या कशा बनतात ते मला चांगलं माहीत होतं.

पुढचं मात्र मी बनवलेलं नाही. तुम्हाला पटलं नाही तरी चालेल.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत राहतो. घरात तेलुगू बोलतो. वडिलांना नायना म्हणते, आईला अम्मा. ते मला बिड्डा म्हणतात, म्हणजे लेकरू. त्यांचं बोलणं इथं मराठीत लिहितेय. घराच्या मागच्या बाजूला स्वयंपाकघर, वर एक पत्र्याची खोली आणि पुढे लांबट हॉल. या हॉलमध्ये आमचे दोन यंत्रमाग होते. कारखानदाराकडून सूत यायचं आणि नायना टॉवेल विणून द्यायचे. माझा अभ्यास त्या आवाजात झाला, लग्न होऊन मी गेले तेव्हा तो चालू होता आणि लग्न मोडून परत आले तेव्हाही चालूच होता. पुढे सूत यायचं कमी झालं, मग बंदच झालं. माग भंगारात गेले. टेम्पोत चढवताना नायना मागच्या दारात पाठ करून बसले होते. जमिनीतले बोल्ट कापून घेतले आणि त्याच जागेवर, खिडकीखाली, मी माझं टेबल मांडलं.

काही वर्षं त्या टेबलावर घर चाललं. आरोग्य, पाककृती, गुंतवणूक, केसगळती... जे सांगतील ते मराठीत लिहून द्यायचं. मी कुणाला पाहिलं नव्हतं, मला कुणी पाहिलं नव्हतं. अम्मा शेजारणींना सांगायची, “ती काँप्युटरवर लिहिते,” आणि त्यापुढे काय सांगावं ते तिला कळायचं नाही. नायनांना सुरुवातीला हे काम वाटायचंच नाही. नंतर ते टेबलाजवळून जाताना पाय न वाजवता जायला लागले.

मग कामं आटली. आधी सांगितलं, लेख सॉफ्टवेअर लिहील, तुम्ही फक्त तपासा. मग तपासायचीही गरज उरली नाही. एकेक ग्रुप शांत होत गेला. मी मेसेज टाकायचे, “सर, काही काम असेल तर सांगा,” आणि खाली दोन निळ्या खुणा दिसायच्या. बस, तेवढंच.

अशात पुण्याच्या मेघना मॅडमचं काम आलं. तिथल्याच एका वयस्कर उद्योजकांचं आत्मचरित्र लिहायचं होतं. नाव अर्थात त्यांचंच राहणार होतं. रोज दुपारी फोनवर त्यांच्याशी बोलायचं, आठवणी काढून घ्यायच्या आणि त्यावर पुस्तक उभं करायचं. मॅडम म्हणाल्या होत्या, “हे मशीनला नाही जमणार. माणसाला माणूसच लागतो.” ते वाक्य मी अम्मालाही सांगितलं होतं.

पहिल्याच फोनवर ते आजोबा बोलता बोलता थांबले.

“तुमच्याकडे माग आहे का हो?”

“नाही... म्हणजे पूर्वी होते. का?”

“आत्ता चालू आहे की. मी तरुणपणी इचलकरंजीत नोकरी केलीय. हा आवाज मला कळतो.”

मी आजूबाजूला पाहिलं. हॉलमध्ये मी एकटी, पंखासुद्धा बंद. गल्लीतले मागही केव्हाचे गेलेत. तिथं आता गोडाऊन आहेत. मला वाटलं, म्हातारा माणूस, कानात काहीतरी होत असेल. पण दुसऱ्या दिवशी मेघना मॅडमही फोनवर होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, ते मशीन बंद करायला सांगा ना कुणाला तरी. खटाक-खटाक... डोकं उठलं माझं.”

मला काही ऐकू येत नव्हतं. हेडफोन काढून पाहिला, बदलला. मी केलेलं रेकॉर्डिंग लावलं. त्यात माझा आवाज होता, आजोबांचा होता आणि मध्ये स्वच्छ शांतता होती.

चौकात सलीमभाईंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांना फोन दाखवला. ते म्हणाले, “ताई, घर जाके मेरेकू फोन लगाओ.” मी घरी येऊन टेबलापाशी बसून त्यांना फोन लावला.

“आरा ना आवाज,” ते म्हणाले. “माग चल रहा तुमारे यहाँ. जोर से.”

मी बोलत बोलत स्वयंपाकघरात गेले. “अब कम हुआ.” वरच्या खोलीत गेले. “अब नहीं.” पुन्हा टेबलापाशी आले आणि काही बोलायच्या आत त्यांनीच सांगितलं, “फिर आया.” मी पुन्हा दुकानात गेले तेव्हा त्यांनी मला दुसरा हँडसेट दिला, दुसरं सिम घालून दिलं. काही फरक पडला नाही. मी तो हँडसेट परत द्यायला गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाले, “अब्बा को मत बताओ.”

मी सांगितलं. सांगायला नको होतं असं आता वाटतं, पण अम्मा खोदून विचारत होती आणि नायना तिथंच जेवत होते. अम्माने लगेच देवाचं काहीतरी करून घेऊ म्हटलं. नायना उठले. हात धुऊन बाहेर गेले.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. नायनांना कमी ऐकू येतं. आयुष्य मागापाशी गेल्यावर व्हायचं तेच झालं. त्यांच्याकडे साधा फोन आहे, पण त्यावर समोरच्याचं बोलणं त्यांना कधीच कळत नाही. ते फक्त “हां, घरी आहे” म्हणून ठेवून देतात.

त्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. नायनांचा नंबर. मी उचलला. “काय नायना? कुठं आहात?” पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. बराच वेळ तसाच. मग फोन कट झाला. मी दार उघडून पाहिलं तर ते गल्लीच्या टोकाला, चहाच्या टपरीमागे उभे होते. फोन अजून कानालाच होता.

घरी आले ते सरळ टेबलापाशी गेले. पायाने फरशीवर ती जागा चाचपली.

“खिडकीकडचा आहे,” म्हणाले. “तो जरा अडखळून चालायचा. तसाच चालतोय.”

“नायना, तुम्हाला फोनवर ऐकू आलं?”

“आलं की.”

“माझं बोलणं?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

त्यानंतर ते रोज दुपारी बाहेर जायचे आणि फोन करायचे. मी उचलून टेबलावर ठेवून द्यायचे आणि लिहीत बसायचे. सुरुवातीला मला भीती वाटली, मग तीही गेली. घरी आल्यावर त्यांचा चेहरा कामावरून आलेल्या माणसासारखा असायचा. जेवण नीट जायचं. अम्मा म्हणायची, “काय असेल ते असू दे, राहू दे की.”

पण माझं काम अडायला लागलं होतं. मेघना मॅडमनी सरळच सांगितलं, “दुसरीकडून बोला. नाहीतर मला दुसरी लेखिका बघावी लागेल.” मग मी आजोबांचे फोन सलीमभाईंच्या दुकानाच्या माळ्यावर बसून करायला लागले. तिथं रिक्षांचे हॉर्न होते, पण माग नव्हता. अडचण वेगळीच झाली. मी घरात नसले की नायनांना ऐकायला काही मिळायचं नाही. माझा फोन घरी ठेवून, अम्माने उचलूनही पाहिला. नाही. मीच तिथं बसलेली लागायची.

 एकदा मी चप्पल घालत असताना त्यांनी विचारलं, “आज उशिरा जाऊन चालेल का, बिड्डा?”

मी उशिरा गेले. दुसऱ्या दिवशीही. आजोबा वाट पाहून वैतागले आणि मॅडमचा फोन आला. मला वाटलं बोलणी बसणार. पण त्या मऊ आवाजात बोलत होत्या.

“तुमच्यावर राग नाही हो. त्यांच्या नातवाने सगळी रेकॉर्डिंग एका सॉफ्टवेअरला दिली. पुस्तक तयारसुद्धा झालं. आजोबांना आवडलंय. मी वाचलं... वाईट नाहीये.”

आवाजामुळे काम गेलं असतं तर निदान कुणाला तरी दोष देता आला असता. तेही नाही.

त्याच आठवड्यात नायना दुपारी लवकर परत आले. दारात चप्पल काढली आणि तिथंच पायरीवर बसले.

“थांबला,” म्हणाले.

“नेटवर्क नसेल, नायना.”

“नाही. धागा तुटला की थांबतो तसा थांबला. जोडला की चालेल.” मग स्वतःच्या हातांकडे पाहत म्हणाले, “जोडू कुठं?”

मी त्यांना परत चौकात पाठवलं, पुन्हा फोन उचलला. सलीमभाईंनाही फोन लावून पाहिला. ते म्हणाले, “अब साफ है, ताई.” त्यांना बरं वाटलं होतं. मी फोन ठेवला.

मी लिहिणं सोडलंय. सोडलं म्हणण्यापेक्षा मागणारंच कुणी उरलं नाही. आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या युनिटमध्ये पॅकिंगला जाते. दिवसभर घड्या घालायच्या, लेबल लावायचं. लेबलवरच्या दोन ओळीही कुणीतरी सॉफ्टवेअरकडूनच लिहून घेतल्या असाव्यात. त्यात एक चूक आहे. मी ती सुपरवायझरला दाखवली नाही.

तुमच्यापैकी कुणी क्रॉस कनेक्शन म्हणेल, कुणी मनाचे खेळ. मीही हे सगळं स्वतःला सांगून पाहिलंय. पण पुण्यातल्या ज्या माणसाने आमचं घर कधी पाहिलं नाही, त्याला माग कसा कळला? आणि ज्यांना माझा आवाज ऐकू येत नाही, त्यांना तो कसा ऐकू यायचा? मला माहीत नाही. थांबला का, तेही माहीत नाही. पूर्वी असल्या लेखाला शेवट कसा द्यायचा ते मला जमायचं. हा जमत नाहीये.

नायना अजून दुपारी फोन करतात. युनिटमध्ये शेडभर माग चालू असतात, त्या आवाजात मला रिंग ऐकू येत नाही, म्हणून फोन कमरेला खोचून ठेवते. थरथरला की उचलते आणि मागांच्या दिशेने धरते. ते थोडा वेळ ऐकतात.

“यातला नाही,” म्हणतात आणि ठेवून देतात.