पहिलीच्या बाई आणि पाडव्याचा वायदा

लिहिण्याआधी माफी मागतो. आमच्या घरात याआधी कुणी चार ओळींच्या वर काही लिहिलेलं नाही, आणि माझंही कॉलेजातलं हे दुसरंच वर्ष आहे. एखाद्या माणसावर लिहायचं तर त्याला नीट ओळखायला हवं, असं आमचे सर म्हणतात. बाईंना मी किती ओळखत होतो, ते मला सांगता येणार नाही. पण तुम्हीही कुठल्या तरी शाळेत पहिलीला बसला असालच. माझं चुकलंमाकलं तर तुम्हीच दुरुस्त करून घ्या.

बोलायला सुरुवात करण्याआधी बाई दोन्ही तळहात एकमेकांवर झटकायच्या. हाताला खडूची धूळ असो नसो. बाजारात कोथिंबीर घेतानासुद्धा झटकायच्या. आणि मग म्हणायच्या, "घाई करू नका. पाडव्यापर्यंत थांबा."

आमचं गाव केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या बाजूला. शाळा जिल्हा परिषदेची. बाईंना नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. सगळ्यांच्या त्या 'पहिलीच्या बाई'. त्यांच्या मालकांना लोक 'पहिलीवाले' म्हणत आणि ते बिचारे ओ देत. हेडमास्तर दरवर्षी त्यांना विचारायचे, "बाई, यंदा चौथी घेता का?" बाई हात झटकून म्हणायच्या, "नको सर. चौथीची पोरं लई शहाणी असतात. मला करमत नाही."

जून महिन्यात शाळेत सभा ठेवली तर आमच्या गावात कुणी फिरकत नसे. म्हणून बाई सकाळीच दूध संस्थेच्या केंद्रावर जायच्या. तिथं रांगेत उभे असलेले आईबाप कुठं पळणार? कॅन मोजल्याशिवाय हलता येत नाही. बाई रांगेच्या कडेनं चालत पहिलीत नाव घातलेल्या प्रत्येकाला गाठायच्या आणि वर्षभरात काय मिळेल ते सांगून टाकायच्या.

"नागपंचमीपर्यंत पोरगं रडायचं थांबलं, तर समजा माझं निम्मं काम झालं. पोळ्यापर्यंत ते घरी येऊन तुम्हाला शिकवायला लागेल. चुकीचं शिकवेल, तरी ऐकून घ्या. दसऱ्याला पहिली थाप मारेल. मारू नका त्याला, डोकं चालायला लागल्याची खूण आहे. दिवाळीत दात पडेल, त्याचा माझ्याशी संबंध नाही. वाचायचं म्हणाल तर गुढीपाडव्यापर्यंत थांबा."

"बाई," रांगेतून कुणीतरी ओरडायचं, "माझ्या पोराची फॅट किती लागंल, तेवढं सांगा की!"

"दूध तापायच्या आधी साय मागतो का रे तू? तुझ्या वेळेला तर संक्रांतीपर्यंत तू चप्पल उलटी घालत होतास. सांगू का सगळ्यांना?"

सांगून तर झालेलं असायचं. सगळी रांग हसायची.

माझी बहीण आशा पहिलीत गेली ते वर्ष वाईट निघालं. आधीच्या वर्षीही पाऊस झाला नव्हता, यंदा तर मृग कोरडाच गेला. दिवाळीनंतर चारा संपला, दूध आटलं, आणि एके दिवशी संस्थेचं केंद्र बंद झालं. साखर कारखान्याच्या माळावर जनावरांची छावणी पडली. आमच्या दोन म्हशी, त्यांची रेडकं आणि त्यांच्यामागं बाबा, सगळे तिकडं गेले. माय गावात पाण्याच्या मागं. मी सातवीत, शाळेला जातच होतो, माझ्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. पण रेडकं राखायला आशाला छावणीत न्यायचं, असं बाबांच्या मनात आलं.

"पोरीला येतंय तरी काय?" एका रात्री घरी आले तेव्हा ते मायला म्हणाले. "निम्मं वर्ष सरलं."

आशा उठली आणि ठसक्यात म्हणाली, "मला वाचाया येतंय!"

तिनं पुस्तक काढलं, मांडी घातली आणि अख्खा धडा म्हणून दाखवला. कुठं अडली नाही. बाबांचा चेहरा असा फुलला, की त्यांनी अंगणातूनच शेजारच्या बब्रूकाकांना हाक मारली. काका आले, कौतुकानं आशाच्या मागं उभं राहून पुस्तकात डोकावले, आणि म्हणाले, "आरं, ह्या चित्रातली गाय पाय वर करून का म्हून चरतीया?"

पुस्तक उलटं होतं.

काका हसले, मी हसलो, मायसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. बाबा मात्र हसले नाहीत. पोरीनं आपल्याला येड्यात काढलं, हे त्यांच्या मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी आशा छावणीत.

ही गोष्ट बाईंना कळायला वेळ लागला नाही. त्या वर्षी पहिलीतली बरीच पोरं छावणीत नाहीतर उसाच्या फडावर गेली होती. छावणीला पाण्याचा टँकर जायचा, तो गावावरूनच. शाळा सुटली की बाई त्या टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून जायला लागल्या. ड्रायव्हर रशीदचाचा. त्यांचा नातू बाईंच्याच वर्गात, त्यामुळं चाचा बाईंसाठी सीटवर टॉवेल अंथरायचे. मीही आशाला भेटायला म्हणून कधी कधी मागं चढायचो.

त्या दिवशी टँकर थांबला तेव्हा चाचा म्हणाले, "बाई, संभालके उतरा. खाली लई राडा हाय." बाई साडी वर धरून चिखलातून सरळ आमच्या दावणीपाशी आल्या.

"भाऊ, आशा शाळेत का नाही?"

"कावून धाडू, बाई? उलटं पुस्तक धरून वाचती ती. तुमी आमाला फसिवलं."

बाईंनी तळहात झटकले. मला वाटलं, आता रागावतील. पण त्या चक्क खूश झाल्या.

"उलटं धरून अख्खा धडा म्हणाली?"

"म्हणली की."

"कुठं चुकली?"

"न्हाई चुकली. त्येच तर!"

"मग पेढे वाटा, भाऊ! अहो, जूनमध्ये हीच पोर स्वतःचं नाव सांगताना माझ्या पदरात तोंड खुपसायची. आधी तोंड वाचतं, मग बोट वाचतं. डोळे सगळ्यात शेवटी येतात. मार्गशीर्षात एवढंच पीक येतं, मी काय करू?"

"आन डोळे न्हाईच आले तर?"

"पाडव्यापर्यंत थांबा. नाही आले तर मी स्वतः तिला इथं आणून सोडते, आणि रेडकं राखायला मीपण बसते."

आजूबाजूची माणसं गोळा झाली होती. एक जण म्हणाला, "बाई, वायदा लिहून द्या!"

"देते. वाचून कोण घेणार, तू?"

छावणी हसली. बाबाही हसले, पण अर्धेच. ते एवढंच म्हणाले, "पाडव्यापर्यंत. पुढं एक दिस न्हाई."

त्यानंतर आशा सकाळी टँकरच्या परतीच्या फेरीनं शाळेत यायची आणि बाईंबरोबर टँकरनंच छावणीत जायची. बाई तिथं म्हशींच्या मागच्या रिकाम्या जागेत पोरं बसवायच्या. मातीवर काडीनं अक्षर काढायचं आणि म्हैस त्यावर पाय देण्याआधी वाचायचं, असा खेळ. म्हैस जिंकली की पोरं ओरडायची. बाबा दावण झाडत असायचे आणि मान वर करून बघायचे नाहीत. पण मी पाहिलंय, एकदा म्हैस पुढं सरकली तेव्हा त्यांनी तिचा कासरा हळूच मागं ओढला होता.

फाल्गुनात आशा अक्षरं ओळखायची, पण एकत्र करायला गेली की गडबडायची. बाई हसायच्या खऱ्या, पण परत जाताना टँकरमध्ये बोटांवर दिवस मोजायच्या. एकदा चाचांना म्हणाल्या, "चाचा, पाडवा जवळ आला हो." चाचा म्हणाले, "आने दो बाई. मी टँकर सावकाश चालवतो." पाडवा त्यानं लांबणार नव्हता, पण बाई हसल्या.

छावणीत गुढी उभी राहिली ती बैल बांधायच्या मेढीला काठी बांधून. गाठ्या होत्या, लिंबाचा पाला होता. सुट्टीचा दिवस, तरी बाई आल्या. बाबांनी पेंडीची रिकामी गोणी आणली आणि आशासमोर धरली. आशानं मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या.

"बाबा," ती म्हणाली, "गोणी उलटी हाय."

तिनंच ती त्यांच्या हातात फिरवून सरळ केली. मग बोट ठेवलं. "प… शु… पशु. आ… हा… र. पशु आहार." आणि लगेच म्हशीकडं बघून, "म्हंजी हिचं जेवण?"

बाबांनी मान हलवली.

बाई म्हणाल्या, "भाऊ, मुद्दाम उलटी धरली होती ना?"

"मग? म्हटलं, पुन्यांदा फशी पडाया नगं."

"बरं केलंत. आता दुसरीच्या गुरुजींच्या मागं लागा. माझं संपलं."

एवढं बोलून त्या बाजूच्या दावणीकडं गेल्या. तिथल्या पोराला अजून वाचता येत नव्हतं, आणि त्याच्या बापाला आणखी महिनाभर थांबा म्हणून पटवायचं होतं. प्रत्येकाचा पाडवा एका दिवशी येत नाही, असं त्या त्याला सांगत होत्या.

त्या उन्हाळ्यात बाईंची बदली झाली, नेकनूरच्या बाजूला. पुढं त्या तिथूनच निवृत्त झाल्या आणि तिथंच राहिल्या. पाऊस आला, छावणी उठली. आशा आता आठवीत आहे आणि शहरात मला पत्ते सापडत नाहीत म्हणून माझ्यावर हसते. मी बीडला कॉलेजात आलो. फोनवर बाबा विचारायचे, "वर्षभरात काय मिळतं रं तितं?" मी म्हणायचो, "बघून सांगतो." वाटायचं, एस.टी.नं नेकनूर गाठावं आणि बाईंनाच विचारावं, आम्हा कॉलेजवाल्यांचं काय काय कधी उगवतं. जाऊ जाऊ म्हणत राहिलो.

परवा माझा शेवटचा पेपर झाला. संध्याकाळी आशाचा फोन आला. बाई गेल्या, महिना झाला. मी विचारलं, आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली, "बाबा म्हणले, त्याचे पेपर होऊ दे. परीक्षेत पोराच्या डोक्याला तरास नगं."

बाबा एकटेच गेले होते, दोन एस.ट्या बदलून. बाई गेल्या म्हणून तिथल्या शाळेनं अर्धी सुट्टी दिली होती, आणि पहिलीची पोरं सुट्टी मिळाली म्हणून ओरडत बाबांच्या अंगावरूनच पळाली. बाईंच्या दारात कुणीतरी बाबांना विचारलं, "तुमी बाईंचे कोण?"

बाबा म्हणाले, "मी पालक."