लाल न दिसणारं यंत्र

मी मुळातच भित्री. पाल दिसली की खुर्चीवर चढणारी. अशी मुलगी बोईसरच्या रसायनांच्या कारखान्यात इतकी वर्षं टिकली कशी, याचं आमच्या दातिवऱ्यात सगळ्यांना नवल वाटायचं. मलाही वाटायचं. सकाळी खोलीबाहेर पडलं की मी आधी नाक वर करून वारा कुठून येतोय ते बघायची. आंबूस वास आला तर आपला कारखाना, कुजक्या अंड्यांचा आला तर शेजारचा. शेजारचा असला की जरा हायसं वाटायचं, जणू शेजारची वाफ कुंपणापाशी येऊन थांबणार होती.

माझी नोकरी कागदांची. कारखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये बसायचं, फायली लावायच्या, मागेल त्याला काढून द्यायच्या. आम्लापासून आणि वाफेपासून लांब, म्हणून मी ती धरून ठेवली होती. पण धाकट्या भावाला त्याच कारखान्यात मीच आणलं आणि तो मात्र आतल्या कामावर लागला, नळ आणि पंप दुरुस्त करणाऱ्या फिटरांच्या टोळीत.

त्याला आणण्यामागे आई होती. वडलांची होडी होती, भाऊ त्यांच्याबरोबर जायला लागला होता. पण माझ्या चुलत्यांची होडी एकदा गेली ती परत आलीच नाही, आणि तेव्हापासून आईचं मन थाऱ्यावर नव्हतं. होड्या परतायची वेळ झाली की हातातले बोंबील तसेच टाकून ती बंदरावर जाऊन उभी राहायची. सगळ्या होड्या दिसेपर्यंत कुणाशी बोलायची नाही. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा. शेवटी मीच म्हटलं, याला बोईसरला घेऊन जाते. तिथे पायाखाली जमीन असते, संध्याकाळी माणूस घरी येतो.

"नक्की येतो?" आईने विचारलं.

"नक्की," मी म्हटलं. अगदी छातीठोकपणे. भित्र्या माणसाला दुसऱ्याला धीर देताना भारी चेव येतो.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर आमच्या साहेबांच्या डोक्यात संगणक शिरला. आमच्या हवेत कागद टिकत नसे. खाडीकडचा दमट वारा आणि त्यात आमच्याच धुराड्याचं आम्ल, त्यामुळे फायली तपकिरी होऊन कडेने पापडासारख्या तुटायच्या. उरलेल्याला वाळवी होतीच. तेव्हा मुंबईच्या एका कंपनीकडून नवी सिस्टीम घ्यायची ठरली. प्रत्येक कागद यंत्रातून काढायचा, त्याचं चित्र चकतीवर साठवायचं, त्याला क्रमांक, विभाग आणि तारीख जोडायची. मग बटण दाबलं की कागद पडद्यावर. चित्र नीट आलंय अशी खातरजमा झाली की मूळ कागद गोणीत भरायचा, आणि गोण्या वापीच्या कागद गिरणीत लगदा व्हायला पाठवायच्या.

ही सिस्टीम सांभाळायला मला नेमलं. मुंबईला पाठवून शिकवूनही आणलं. परतले ती दुप्पट घाबरून. कपाटातला कागद गहाळ झाला तर तो कपाटामागे पडलेला तरी सापडतो. संगणकात एक आकडा चुकीचा टाकला तर तो कागद असून नसल्यासारखा, मग हात घालायचा कुठे? प्रत्येक क्रमांक टाकताना माझी जीभ दातांखाली असायची. भाऊ चिडवायचा, "ताय, त्या डब्यासमोर बसतेस तं वाटतं वाघापुढं बसलीस." मी म्हणायची, वाघ बरा, त्याचं तोंड तरी कुठे आहे ते कळतं.

पत्रं आणि बिलं माझ्या हातून होत होती. नकाशे मात्र मोठे, चादरीएवढे. त्यांच्यासाठी रूळ असलेलं वेगळं रुंद यंत्र होतं, ते शेजारच्या खोलीत मुंबईच्या कंपनीची माणसं चालवायची. तपासायचीही तीच. माझ्याकडे यायचे ते तयार झालेले नकाशे. मी फक्त क्रमांक लावायची आणि कुणी मागितला की छापून द्यायची.

इथे आमच्या कारखान्याची एक जुनी सवय सांगायला हवी. नळ कुठून कुठे जातो, कुठल्या टाकीला जोडलाय, हे नकाशात काळ्या शाईत असायचं. पण कारखाना काही नकाशाचं ऐकून थांबत नाही. आज एक नळ इकडून तोडून तिकडे जोडला, उद्या एखादा व्हॉल्व्ह हलवला. दर वेळी नवा नकाशा काढायला कुणाला सवड? मग ज्याने बदल केला तो कानावरची लाल पेन्सिल काढून जुन्या नकाशावरच रेघ मारायचा आणि शेजारी बारीक अक्षरात लिहायचा. वर्षानुवर्षं असं चालत आलं होतं. त्यामुळे आमच्याकडे लाल म्हणजे आत्ता आहे ते, आणि काळं म्हणजे पूर्वी कधीतरी होतं ते. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, सगळ्यांना ठाऊकच होतं. मुंबईच्या माणसांना मात्र कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

वर्षातून एकदा दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवत, त्याला आम्ही शटडाऊन म्हणायचो. त्या वर्षीच्या शटडाऊनच्या सकाळी फिटरांचा फोरमन माझ्याकडे नकाशा मागायला आला. बिहारकडचा गृहस्थ, डोक्यावर हेल्मेट, तोंडात पान. बरोबर माझा भाऊ. मी क्रमांक टाकला, नकाशा पडद्यावर आला, छापला. पांढराशुभ्र कागद, त्यावर काळ्या रेघा, एकही डाग नाही. फोरमन खूश, त्याला वाटलं सगळे बदल काळ्यात घेऊन नवाच काढलाय. "वाह मैडम, एकदम साफ!" भावानेही कागद उजेडात धरून पाहिला. "ताय, तुजा कागद लय भारी हाय," म्हणाला आणि गेला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

थोड्या वेळाने पुढच्या नकाशांची गुंडाळी घेऊन मी शेजारच्या खोलीत गेले. तिथल्या तरुणाने वरचाच एक नकाशा उलगडून यंत्रात सरकवला. त्यावर लाल रेघा इतक्या होत्या की काळं शोधावं लागत होतं. तो कागद रुळांमधून सरकत गेला आणि पडद्यावर हळूहळू उमटला. पांढराशुभ्र. नुसत्या काळ्या रेघा.

"यातलं लाल कुठे गेलं?" मी विचारलं.

तो हसला. कौतुकाने सांगायला लागला, की हीच तर यंत्राची खुबी आहे. आत दिवाच लाल असतो, त्या उजेडात लाल खूण आणि पांढरा कागद यंत्राला सारखेच. छापील लाल चौकटी, लाल शिक्के, वेडेवाकडे शेरे आपोआप गळून पडतात, चित्र स्वच्छ येतं. "तुमचे नकाशे कुणी तरी फारच गिचमिड करून ठेवले होते मॅडम, आम्ही सगळे साफ करून दिले."

माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरायला लागलं. आमच्या कारखान्यात साफ नकाशा कधी नव्हताच. सकाळी मी माझ्या हाताने जो दिला, त्याच्यावर काय काय होतं? मला आठवेना. आठवणार कसं, मी नळांची माणूस नाही. त्या नकाशाचा मूळ कागद गोणीतून वापीला गेलेला. आणि भाऊ तो स्वच्छ कागद घेऊन कुठल्या तरी नळाखाली उभा.

आत फोन लावला. घंटा वाजत राहिली, उचलायला कुणी नाही. मग मी धावले. साडी पायात येत होती, चप्पल वाटेत कुठेतरी सुटली. आतल्या फाटकावर रखवालदाराने हात आडवा केला, हेल्मेटशिवाय सोडत नाही म्हणाला. मी त्याच्याच डोक्यावरचं हेल्मेट काढून घेतलं आणि आत गेले. आजन्म कुणाला उलट न बोललेली बाई, मला हे कसं जमलं ते आजही कळत नाही. धावताना मनात देवाचं नावसुद्धा येत नव्हतं. आईचं "नक्की येतो?" तेवढं ऐकू येत होतं.

भाऊ उंच मचाणावर होता. डोक्याच्या जरा वर पंजाएवढ्या रुंदीचा नळ, हातात हॅकसॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत, आणि तो नळ कापत होता. आजूबाजूला हातोड्यांचा असा खणखणाट की माझी हाक मलाच ऐकू येईना. मी फोरमनचा दंड धरला.

"थांबवा त्याला. खाली उतरवा."

"क्यों मैडम? पानी की लाइन है। कागज़ में लिखा है।"

"तो कागद मीच दिलाय! माझा भरवसा नाही त्याच्यावर! त्यातलं लाल गेलंय, सगळं लाल गेलंय!"

लाल म्हटल्यावर त्याचं पान चघळणं थांबलं. त्याने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, भावाला हाताने खाली बोलावलं. मग तोच नळ खाली जमिनीजवळ उतरतो तिथे स्वतः वाकून त्याच्या तळाशी असलेली बारीक तोटी, रिकामा आहे का ते बघण्यासाठी असते ती, जरा सैल केली. पाण्याची लाइन म्हणून सकाळी ती कुणी उघडून पाहिली नव्हती. आतून धार आली. खालच्या सिमेंटवर पडली तशी फसफसली आणि पांढरा धूर निघाला. आम्ही सगळे मागे पळालो.

वर नळावर करवतीची खाच दिसत होती, बरीच खोल गेलेली. मघाशी कापताना तिच्या बरोब्बर खाली भावाचं तोंड होतं, वर केलेलं. मी त्या खाचेकडे बघितलं आणि मला तिथेच उलटी झाली.

भाऊ हसायला लागला. घाबरला की तो हसतो, लहानपणापासून. "ताय, तुजी चप्पल कुटं हाय?" एवढंच म्हणाला, आणि हातातला हॅकसॉ जमिनीवर ठेवून दिला.

छापलेले सगळे नकाशे त्याच दिवशी परत घेतले. यंत्राचा दिवा बदलला. वापीला माणूस पाठवला, पण गेलेल्या गोण्यांचा केव्हाच लगदा झाला होता. मग फिटर आणि ऑपरेटर एकेका नळाला हात लावत कारखानाभर फिरले, नव्या नकाशांवर नव्याने लाल रेघा मारत. सगळं सापडलं, असं साहेब म्हणाले. असेलही. पण नेमकं काय काय गेलं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, मग सगळं सापडलं हे कशावरून म्हणायचं? त्यानंतर पडद्यावर स्वच्छ कागद आला की माझ्या अंगावर काटा यायचा. गिचमिड, शेरे, चहाचे डाग दिसले की जिवात जीव यायचा. मुंबईची माणसं मला वेडी समजत असणार.

भावाने पगार होईपर्यंत काम केलं आणि राजीनामा दिला. मी त्याला खूप समजावलं. आता दिवा बदललाय, आता तसं होणार नाही. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "दर्यात पानी हाय तं पानीच आसतं, ताय. मला तेवडं पुरं हाय."

सफाळ्याहून एसटीने आम्ही दोघं दातिवऱ्याला गेलो. वाटेत मी जुळवाजुळव करत होते, आईला काय सांगायचं आणि काय नाही. पण भावाने जेवताना सगळंच सांगून टाकलं, खाचेसकट. आई वाढता वाढता थांबली, मग पुन्हा वाढायला लागली. मला वाटलं आता माझ्यावर बरसणार. मीच नक्की म्हणाले होते. तिने माझ्याच ताटात आणखी भात वाढला. भाऊ पुन्हा होडीवर जाणार, हे ऐकून ती भांडी आवरायला उठली.

दुसऱ्या दिवशी मला कामावर परतायचं होतं. वडील आणि भाऊ पहाटेच गेलेले. मी पिशवी भरली, आईच्या पाया पडले. होड्या यायची वेळ झाली होती, ती बंदराकडे निघालीच होती. वाटेवर थांबून तिने माझा हात धरला. तिचा हात खारा आणि खरखरीत, तसा तिने कधी धरल्याचं मला आठवत नाही.

"तो दर्यात गेला तं मी बंदरावर उबी ऱ्हाते," ती म्हणाली. "तुज्यासाटी मी कुटं उबी ऱ्हाऊ?"