चंद्रावर जाणाऱ्याची शिदोरी

चंद्रावर निघालेला माणूस घरून जेवून निघाला की नाही, याची काळजी साऱ्या पृथ्वीवर एकाच माणसानं केली, आणि ते म्हणजे माझे मामेसासरे, आमचे मामाजी. वारासिवनीच्या एका राईस मिलमध्ये ते मिस्त्री होते. माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी त्यांनी मिलच्या रेडिओवर ऐकली, हातातला पाना खाली ठेवला आणि विचारलं, "त्याच्या मायनं बांधून काय देल्लं होतं?" रेडिओनं ते काही सांगितलं नाही. तेव्हापासून त्यांचा रेडिओवरचा विश्वास उडाला, आणि खरी हकीकत आपणच नाटकातून सांगायची असं त्यांनी ठरवलं.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो, नाटक होतं. मीही बालाघाटहून सासुरवाडीला जायचो, आणि जावयाला नाही म्हणता येत नाही म्हणून प्रॉम्प्टर व्हायचो. सगळ्यांची नाटकं रात्री, मामाजींचं मात्र भर दुपारी. रात्री खरा चंद्र वर दिसला तर आपल्या चंद्रावर कोण विश्वास ठेवणार, हा त्यांचा सवाल होता. चंद्रावर हवा नाही, म्हणून नटांच्या डोक्यावर शिरस्त्राण म्हणून घातलेल्या तेलाच्या पिप्यांना ते नाकाजवळ भोकं पाडू देत नसत. त्यामुळे संवाद ऐकू येत नसे. "हवाच नाही तं आवाज कुठून येईन, जवाईबापू?" पहिल्या वर्षी नायक घुसमटून पडला, तेव्हा मामाजी खूश झाले. अस्संच होते तिथं, म्हणाले.

लोकांना मात्र मारामारी हवी होती. मंडई समितीच्या अध्यक्षांना तर नाटक म्हणजे तलवारी आणि मध्ये मध्ये श्वास घ्यायला गाणं, एवढंच ठाऊक. मामाजींच्या नाटकात पाऊण तास आई लेकाची शिदोरी बांधायची, पोहे संपले म्हणून शेजारणीकडे मागायला जायची, बैलांना पाणी कोण दाखवील यावर घरात भांडण व्हायचं. सलग दोन वर्षं लोक मधूनच उठून जिलेबीकडे गेले. तिसऱ्या वर्षी अध्यक्षांनी निर्वाणीचं सांगितलं, "मामा, याही साली लोक उठले तं पुढच्या साली बाहेरची कंपनी आणू. पब्लिकले फाइटिंग पाहिजे." मामाजींचे वर्षातले अकरा महिने त्या एका दुपारच्या तयारीत जात. ते त्या दिवशी जेवले नाहीत.

शेवटी त्यांनी तडजोड केली: मारामारी होईल, पण खरी होईल. चंद्रावर वजन सहावा हिस्सा, म्हणजे लढाईसुद्धा तरंगत झाली पाहिजे. चंद्राचा राजा होता गावातला अगडबंब किराणा दुकानदार. मामाजींनी त्याला मिलच्या काट्यावर तोललं. मग त्याच्या कमरेचा दोर आंब्याच्या फांदीला टांगलेल्या कप्पीवरून नेऊन दुसऱ्या टोकाला त्याच्याहून जरा हलकं, जुन्या धानाचं पोतं बांधायचं ठरलं. उडी मारली की राजा अलगद वर, अलगद खाली. मधल्या काळात वजन वाढू नये म्हणून बिचाऱ्याचं अन्न आदल्या दिवसापासून बंद. इतकी चोख व्यवस्था करून मामाजींनी पोतं घरी ठेवलं, आणि मामींना सांगायचं विसरले. घरात वीस पाहुणे. मामींनी ते जुनं धान भरडून भात रांधला आणि पोतं रिकामं कसं ठेवायचं म्हणून शेतातून आलेलं नवं, ओलं धान ठासून तोंडापर्यंत भरलं.

नाटक सुरू झालं. आईचं काम मामाजी स्वतः मामींचं लुगडं नेसून करत होते. शिदोरी बांधता बांधता माणसं उठू लागली. अध्यक्ष माझ्याकडे बघून हसले. मामाजींनी घाबरून लढाईची खूण केली. पोरांनी फांदीवर टेकवलेलं पोतं सोडलं, राजानं उडी मारली आणि सूंकन फांदीपर्यंत गेला. खाली काही येईना. नायक खालून टिनाची तलवार फिरवत राहिला. लोक पोट धरून हसले, आणि हसून झाल्यावर निघाले.

तेव्हा जन्मभर खरेपणासाठी भांडलेला हा माणूस अनवाणी, उघड्या डोक्यानं, लुगडं सावरत थेट चंद्रावर गेला. हात कपाळाशी धरून वर पाहत म्हणाला, "खाली ये रे बाप्पा. लडाई मंग करजो. सकाळपासून काई खाल्लं का तुनं?"

वर राजानं पिपा काढून टाकला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. "नाही व माय. कालपासून नाही खाल्लं."

बायांनी पदर डोळ्यांना लावले. निघालेली माणसं माघारी फिरली. "उतरवा ना त्याले! जेवू द्या!" म्हणत चौघांनी दोर धरला, आणि राजा हळूहळू, मामाजींनी अकरा महिने मनात पाहिला होता तसाच तरंगत खाली आला. शिदोरी तिथंच सोडली. नायकानंही त्यातलं खाल्लं. शेवटपर्यंत कोणी हललं नाही.

"पुढच्या साली बी तुम्हीच," अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "फक्त फाइटिंग वाढवा."

मामाजी मात्र खट्टू होते. "माय चंद्रावर पोहोचली कशी, हे काई पटत नाही, जवाईबापू."

आता घरी टीव्ही आहे. नातवंडं अंतराळातल्या लढाया बघतात. यानं फुटतात, ग्रह जळतात, पण तिथं कोणी कोणाला जेवलास का विचारत नाही. मला मामाजींची फार आठवण येते. ते गेले त्या दिवशी मिल लवकर सुरू व्हायची होती. चूल पेटायच्या आत घाईनं निघाले आणि मिलच्या दारातच कोसळले. मामी अजून कोणी भेटायला गेलं की एकच गोष्ट सांगतात, "उपाशी गेले जी. मी काई बांधून नाही देल्लं."