अकरा दिवसांची सावड

आत्याच्या मृत्युपत्रातलं एक वाक्य मी कापलं. तिला न विचारता. आणि तिनं विचारलं तेव्हा खोटं बोलून.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझी दया यायला नको.

आत्या मावळातल्या एका गावात एकटी राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, दीड एकर भाताची खाचरं तिच्या नावावर. दिरांच्या पोरांचा त्यावर डोळा. "काकी, सही करून टाका, तुम्हाला कशाला व्याप," हे पालुपद घेऊन ती पोरं वर्षातून चारदा यायची. पुण्यात शिकताना मी नेमकी याच सहीविरुद्ध पत्रकं लिहायची. बहिणींनो, साडीच्या बदल्यात शेत सोडू नका! पुढे संशोधनासाठी सिंगापूरला आले, हौगांगमधल्या एका फ्लॅटची खोली भाड्यानं घेतली, पण पत्रकांची खोड गेली नाही. त्यामुळे आत्या फोनवर म्हणाली, "जमीन तुझ्या नावानं करायचीय, तूच लिहून दे," तेव्हा मला केवढा आनंद झाला. तो जमिनीचा नाही, असं मी तेव्हा स्वतःला बजावत होते.

ती सांगत गेली, मी टाइप करत गेले. शेवटी म्हणाली, "आन् हे घाल. शेजारणीची अकरा दिसांची सावड माझ्याकडं ऱ्हायलीय. जमीन ज्याला जाईल त्यानं ती फेडायची."

सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या शेतात राबा, उद्या मी तुमच्या. त्याला ना पैसा, ना कागद. आदल्या पावसाळ्यात आत्याचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा बांधाशेजारच्या बाईनं सुनेला सोबत घेऊन हिची सगळी लावणी उरकून दिली होती.

"आत्या, हे कायद्यात बसत नाही गं."

"कायद्यात नसंल बसत. खाचरात बसतंय."

मी हसले आणि वाक्य काढलं. एक पान, एक मागणी, हा पत्रकाचा नियम मला पाठ होता. शिवाय कोर्टात ओढायला दिरांच्या पोरांना एक धागा कमी. आणि खरं सांगायचं तर अकरा दिवस चिखलात वाकणार कोण होतं? मी?

सह्यांच्या दिवशी तिनं फोन लावला. "सावड लिवली ना?"

"हो, सगळं घेतलंय."

साक्षीदार वाचून दाखवायला लागले तर तिनं त्यांना थांबवलं. "भाचीनं लिवलंय. त्यात काय ऐकायचं?" अंगठा उठवला. फोन चालूच होता. मी गप्प बसले.

हिवाळ्यात आत्या गेली. शेत माझं झालं. मी ते गावातल्याच एकाला वाट्यानं दिलं, अर्धं भात त्याचं, अर्धं माझं. शेजारणीला साधा निरोपसुद्धा धाडला नाही.

जुलैत एका रविवारी सिंगापुरातल्याच बुकित तिमाहच्या एका निवासी संकुलात मराठी बायकांपुढे माझं भाषण होतं, वारसाहक्कावर. आत्याचं मृत्युपत्र मी पडद्यावर मोठं करून लावलं. बघा, न शिकलेली खेड्यातली बाई एका पानात काय करू शकते! टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "आणि देणी असली तर? ती कुठे लिहायची?"

"असली तर लिहायचीच. आमच्या आत्याची नव्हती."

इतक्या सहज. आणि याच तोंडानं दहा मिनिटांपूर्वी मी बायकांच्या न मोजलेल्या कष्टांवर तावातावानं बोलले होते.

वडे येईपर्यंत फोन पाहिला. गावाकडच्या एका नंबरचे चार मिस्ड कॉल. बाहेर स्विमिंग पूलपाशी जाऊन लावला.

"सिंगापूरची भाची का? मी बांधाशेजारची."

"बोला मावशी."

"सून बाळंतीण हाय माझी. रोपं पिवळी पडाया लागली. तुझ्या वाटेकऱ्याकडं अकरा दिस मागाया गेले, तर म्हणतो कागदात दाखव. कागदात न्हाई म्हणं."

"मी पैसे पाठवते ना मावशी, मजूर लावा."

"लावणीत मजूर मिळतंय होय? काय बोलतीस! आन् पैशाचं काढूच नको. मला येवढंच सांग. मरायच्या आधी ती म्हणली, तुझं लिवून ठिवलंय. हितं सगळी हसत्यात, म्हातारीनं बनवलं तुला म्हणून. बनवलं का गं तिनं मला?"

'विसरली असेल हो' हे शब्द जिभेवर आले होते. अगदी टोकावर.

"नाही मावशी. तिनं सांगितलं होतं. मी काढलं. तिला कळूसुद्धा दिलं नाही."

मग ती म्हणाली, "थांब. फोन मोठा करते. बांधावर सगळी हायती. आता परत बोल."

चौकात ओरडायला सरावलेला माझा घसा. पण मी पुटपुटले. "ऐकू यीना, मोठ्यानं," ती म्हणाली. मग मोठ्यानं बोलले. आत्यानं अकरा दिवस लिहायला सांगितले होते, मी ते कापले आणि तिच्याशी खोटं बोलले. पाण्यातलं एक पोर पोहायचं थांबून बघायला लागलं. दारात वड्याची बशी घेऊन त्या पुढच्या रांगेतल्या काकू उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी मान खाली घातली.

तिथंच उभ्या वाटेकऱ्याला मी ते अकरा दिवस फेडायला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आधी हिची लावणी केली तर तुमची रोपं जातील."

"जाऊ देत. तुमच्या वाट्याचं भात मी भरून देईन."

"अकरा दिस," शेजारीण त्याला म्हणाली. "बारावा नको मला."

माझ्याशी ती पुढे एक शब्द बोलली नाही. फोन बंद करायचंही तिच्या ध्यानात राहिलं नसावं. उद्या कोण कोण येणार ते ती माणसागणिक मोजत होती, आणि मी ऐकत उभी होते.